उलटी लव

माझी थोरली जाऊ मरू नये म्हणून मी जेवढी धावपळ केली, तेवढी माझ्या नवऱ्याच्या आजारपणातही केली नव्हती. बघणारे म्हणायचे, जावाजावांत एवढी माया कुठे बघायला मिळत नाही. माया कसली डोंबलाची! मला तिच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, सगळ्यांच्या देखत. ते घेतल्याशिवाय तिला सुखासुखी जाऊ द्यायला मी काही खुळी नव्हते.

वाक्य कसलं ते सांगते. आमचं शिवणकामाचं दुकान. खाली दुकान, वर बिऱ्हाड. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे मोठी कामं यायची. पडदे, गणवेश, बँडवाल्यांचे कोट. कापायच्या मोठ्या टेबलाशी आम्ही दोघी जावा समोरासमोर उभ्या असायचो. आमच्या धंद्यात मान असतो तो कापणाऱ्याला. शिवताना चुकलं तर उसवता येतं, कापताना चुकलं की कापड गेलं.

चाळीस वर्षांपूर्वी एका नाट्यगृहाच्या पडद्यासाठी गर्द लाल मखमल आली होती. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर हाताला अडते. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने लावून कापायचे, नाहीतर दिव्याखाली एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. डावा पडदा थोरली कापत होती. मधेच कोणीतरी हाक मारली म्हणून ती गेली. परत आली ती टेबलाच्या दुसऱ्या अंगाने, घडी उलटी फिरवली आणि कापून मोकळी झाली. नाट्यगृहात पडदे टांगले, दिवे लावले, तर उजवा डाळिंबासारखा लाल आणि डावा विटकरी. गिऱ्हाइकाने नको नको ते ऐकवलं. सासऱ्यांनी दुकानात सगळ्या कारागिरांसमोर विचारलं, "डावा कोणी कापला?"

थोरली डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाली, "धाकटीनं."

मी तोंड उघडलं, पण सासऱ्यांनी मला हातानेच गप्प केलं. त्या दिवसापासून कापायचं टेबल मला बंद झालं. मी कोपऱ्यात काजं-बटणं करायला बसले ती अजून तिथेच आहे. कारागीर पाठीमागे तिला 'कात्री' म्हणायचे आणि मला 'बटण'. माझा नवरा चांगला माणूस होता, पण डावा पडदा मीच बिघडवला असं समजूनच तो वारला. एकदाही बोलून दाखवलं नाही त्याने. ते न बोलणं मला जास्त लागलं. या एकाच गोष्टीसाठी मी थोरलीला कधी माफ केलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

तर ही थोरली ऐंशीला टेकली तरी रेशीम आणि मखमल तीच कापायची. मुलगा म्हणायचा, "आई, आता बस कर," तर ती कात्रीच्या टोकानेच त्याला दारातून बाहेर काढायची. मग तिला खोकला लागला. फार मोठा नाही, आपला बारीकसा, सुईने टोचल्यासारखा. जेवण कमी झालं. दुपारी टेबलावर डोकं टेकून पडायला लागली. घरच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाठ तपासली आणि म्हणाले, "काही नाही, वय झालंय. या वयात व्हायचंच." खोकल्याचं गोड औषध दिलं. ते संपलं तसं दुसरं दिलं.

माझा जन्म मापं घेण्यात गेला. कपडे ढगळ होताहेत म्हणजे माणूस झिजतंय, हे कळायला मला डॉक्टर लागत नाही. तिच्या झग्याला मी दोनदा चिमटा घेतला, तिसऱ्यांदा शिवण मारायला गेले तर खांद्याचं हाड हाताला लागलं. ही बया आता चालली, आणि माझं वाक्य घेऊन चालली!

मी पुतण्याला म्हटलं, "मोठ्या दवाखान्यात ने तिला."

पुतण्या म्हणजे थोरलीचा मुलगा. पन्नाशीचा, दुकान आता तोच बघतो. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही कामाला त्याचं 'कशाला' ठरलेलं. म्हणाला, "काकू, डॉक्टर म्हणाले ना, वय झालंय. कशाला तिला टोचाटोची?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी रिक्षा बोलावली आणि थोरलीला स्वतः घेऊन गेले. ती वाटभर म्हणत होती, "तुला काय एवढा पुळका आलाय?" मी म्हटलं, "गप बसा जाऊबाई, धूळ जाईल तोंडात."

छातीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला मागितली. थोरलीला थुंकी यायलाच तयार नाही. दोन दिवस खेपा घातल्या तेव्हा कुठे बाटलीत काहीतरी पडलं. निकाल आला. क्षय.

डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांमध्ये हा आजार लपून बसतो. ताप धड चढत नाही, खोकला जोराचा नसतो, फोटोही न्यूमोनियासारखा दिसतो. मग सगळे वयावर ढकलतात आणि उशीर होतो. यांनाही झालाय."

"बरी होईल का?"

"गोळ्या त्याच असतात, तरुणांना देतो त्याच. पण तरुण शरीर पचवतं. यांचं लिव्हर दमलेलं, वजन कमी, भूक नाही. या वयात औषधं सोसली नाहीत म्हणून मधेच सोडणारे पुष्कळ, आणि दगावणारेही तरुणांपेक्षा जास्त. खोटा धीर देत नाही मी. पण आजी, वय झालं म्हणून जास्त लक्ष द्यायचं असतं. सोडून द्यायचं नसतं."

मला ती मुलगी एकदम आवडली. मी विचारलं, "किती दिवस?"

"सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही. कोण देणार गोळ्या?"

"मी," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर गिळतील त्या." माझीही तपासणी केली, घरातल्या सगळ्यांची केली. बाकी कोणाला काही निघालं नाही.

सुरुवातीला तिला वरच्या खोलीत ठेवलं, खिडक्या सताड उघड्या. तिची सून दाराबाहेर ताट ठेवून पळायची. मी तोंडाला कापड बांधून आत जायची. पहिल्या दिवशी तांबडी लघवी बघून थोरलीने किंकाळी फोडली. मी म्हटलं, "घाबरू नका, गोळ्यांचा रंग आहे. मखमलीचा नाही."

ती चपापली. चाळीस वर्षांत तो शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला होता.

"काय म्हणायचंय तुला?"

"डावा पडदा कोणी कापला ते म्हणायचंय. चार माणसांत सांगा. मग खुशाल मरा, मी आडवी येणार नाही."

मी पाण्याचा पेला पुढे केला. तिने माझ्याकडे बघत बघत एकेक गोळी गिळली, जणू मलाच गिळत होती. मला फार बरं वाटलं.

महिना होत आला आणि ती ओकायला लागली. सकाळी पडदा सारला तर तिचे डोळे हळदीसारखे पिवळे. उठून बसवली तर मलाच विचारते, "सासूबाई कुठेयत?" सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली. मी हादरले. मरण परवडलं, पण ही विसरली तर? जिवंत राहून विसरली तर मी कोणाच्या तोंडून ऐकू?

दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरीण म्हणाली, लिव्हरला सूज आहे, या वयात ही भीती असतेच. गोळ्या बंद. सूज उतरली की एकेक करून परत सुरू करायच्या, रक्त तपासत तपासत. पुतण्या माझ्याशेजारीच उभा होता. घरी येऊन त्याने बायकोला काय सांगितलं? "डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या." बस! पुढचं सगळं गाळलं. संध्याकाळपर्यंत नातेवाईक गोळा व्हायला लागले, कोरड्या डोळ्यांना रुमाल लावून. सगळ्यांचं एकच टुमणं. वय झालं, सोनं झालं, आता हाल नकोत.

थोरली घरी आली, शुद्धीवर आली, पण अंगात त्राण नव्हतं. रक्त सुधारलं तशी डॉक्टरीणबाईने पहिली गोळी सुरू करायला सांगितली. पुतण्या दारात आडवा उभा राहिला.

"काकू, पुरे आता. तिला शांतपणे जाऊ द्या. या वयात कशाला छळायचं?"

"तुझ्या मुलाला झाला असता तर सोडला असतास?"

"तो वीस वर्षांचा आहे, काकू!"

"म्हणजे जीव वय बघून वाचवायचा?"

"तसं नाही, पण..." आतून थोरलीचा आवाज आला, चिरका, पण कात्रीचाच.

"तिला आत येऊ दे."

मी दार लावून घेतलं. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "मलाही नको वाटतंय गं. मळमळतं. उगाच कशाला?"

"बरं," मी म्हटलं, "मग आत्ता बोलावते सगळ्यांना. सांगा आणि सुटा."

तिने उशीवरून पाठ उचलली. मग तिच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं की आणखी काही, मला अजून कळलेलं नाही. म्हणाली, "आत्ता सांगितलं तर उद्या तू गोळ्या घेऊन येशील?"

मी हातातली गोळ्यांची पट्टी उलटसुलट केली.

"नाही येणार. म्हणून आत्ता नाही सांगत. गोळ्या संपतील त्या दिवशी सांगेन. सगळ्यांसमोर. माझ्या मुलाची शपथ."

बघा, मरणाच्या दारातसुद्धा बाईने मलाच कामाला जुंपलं. मी दात ओठ खाल्ले आणि पाण्याचा पेला पुढे केला.

त्यानंतर मी तिची पाठ सोडली नाही. एक गोळी, मग रक्त, मग दुसरी गोळी. तिला उकडलेलं अंडं नको असायचं, मी कुस्करून दुधासोबत भरवायची. थुंकून टाकलं तर दुसरं. ती मला कैदाशीण म्हणायची. मी म्हणायची, "होय, आणि तुम्ही माझ्या कैदेत." आणि मनातली धास्ती जात नव्हती म्हणून रोज गोळीच्या आधी तिची परीक्षा घ्यायची.

"मखमल कुठल्या रंगाची?"

"गर्द लाल."

"कुठला पडदा?"

"डावा."

"लव कशी होती?"

"उलटी. झालं समाधान? दे ती गोळी."

पिवळेपणा ओसरला. भूक आली. एके दिवशी झग्याची मी घातलेली शिवण काखेत तटतट उसवली तेव्हा मी गालातल्या गालात हसले. इकडे माझी तयारी चालूच होती. ती बोलेल तेव्हा मी कुठे उभी असेन, पुतण्याचं तोंड कसं पडेल, हे सगळं मी काजं करता करता हजारदा पाहून घेतलं होतं. मी म्हणणार होते, "ऐकलंत?" फक्त एवढंच. मग कापायच्या टेबलाशी जाऊन उभी राहणार होते.

मधे गोळ्या थांबल्यामुळे मुदत लांबली, पण संपली. डॉक्टरीणबाईने थुंकी तपासली, फोटो बघितला आणि थोरलीचे दोन्ही हात हातात घेतले. "आजी, तुमच्या वयाचे सगळेच इथवर पोचत नाहीत. वर्षभर मात्र लक्ष ठेवा. खोकला, ताप, काहीही झालं तर लगेच या."

दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे जमले. थोरलीनेच बोलावले होते. पुतण्या, सून, नातू, दोघे कारागीर, शेजारचा चष्मेवाला. थोरली ताठ उभी राहिली, कापायच्या टेबलाला एक हात टेकून. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"चाळीस वर्षांपूर्वी नाट्यगृहाचा डावा पडदा धाकटीनं बिघडवला असं सगळे समजतात. तो मी कापला होता. घडी उलटी लावून. मामंजींना मी खोटं सांगितलं. धाकटीचा काही दोष नव्हता."

स्पष्ट, खणखणीत. एक शब्द अडखळला नाही. मी 'ऐकलंत?' म्हणायला तोंड उघडलं.

पुतण्या हसला. प्रेमाने हसला, तेच वाईट. "बरं आई. बस आता, दमलीस."

"दमले नाही. ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"ऐकलं गं." मग तो हळू आवाजात कारागिरांना म्हणाला, "गोळ्या जबर होत्या. या वयात डोक्यावर परिणाम होतो."

सून पुढे सरसावली. "परिणाम कसला? काकू रोज तेच तेच पढवायच्या. मी दाराबाहेरून ऐकलंय ना! मखमल कुठली, पडदा कुठला. बिचाऱ्या आईंना आता तेच खरं वाटायला लागलंय."

माझी जीभ सुटली ती थांबेना. "तिचं डोकं तुम्हा सगळ्यांपेक्षा शाबूत आहे! तिला दुकानातल्या प्रत्येक कापडाचा पन्हा पाठ आहे, विचारून बघा!"

पुतण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, तुम्हीही आता सत्तरीला आलात. एवढी वर्षं झाली, द्या सोडून. कोण विचारतंय त्या पडद्याला?"

चष्मेवाला समजूतदारपणे मान हलवत होता. सासरे नाहीत, नवरा नाही, त्या दिवशी दुकानात असलेला एकही कारागीर आज जिवंत नाही. मी कोणाला सांगणार होते? थोरलीने टेबलावरची मोठी कात्री उचलली, कापडाला हात घालायला. पुतण्याने ती अलगद तिच्या हातातून काढून घेतली. "नको आई. आता विश्रांती घे. मखमल मी बाहेरून कापून आणीन." आणि कात्री खणात टाकून खण लावून घेतला.

भर दुकानात, कारागिरांसमोर, तिला टेबलावरून उतरवलं. मला उतरवलं होतं तसंच. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू, पोटभर झाला. चाळीस वर्षांत जे मागायचं मला सुचलं नव्हतं, ते तिच्या पोटच्या पोराने आपण होऊन दिलं. पण तो आनंद सुनेने चहा आणेपर्यंतसुद्धा पुरला नाही, कारण त्याच तोंडाने पोरगा मलाही खुळी ठरवून गेला होता.

आता थोरली रोज सकाळी खाली येते आणि माझ्या कोपऱ्यात स्टूल ओढून बसते. काजं तिला जमत नाहीत, बटणं तिरकी लावते, मी उसवायला लावते. एकदा नाही, तीनतीनदा. ती मला शिव्या घालते. मी तिला पडद्याबद्दल काही विचारत नाही आणि तिला माफही केलेलं नाही.

परवा सुई ओवता ओवता ती खोकली. दोनदाच. पुतण्या वर न बघता म्हणाला, "वय झालंय." मी हातातला कोट टाकला, तिला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षा बोलावली. ती ओरडत होती, "अगं, ठसका लागलाय नुसता!" लागला असेल. पण मी तो पडदा कापला नव्हता, हे माझ्याखेरीज जगात आता एकाच माणसाला माहीत आहे, आणि ते माणूस म्हणजे ही.